परदेशी माल आणि भिवंडीचा माग-कामगार

परदेशातून स्वस्त माल आला म्हणजे तो विकत घेणाऱ्याचा फायदा होतो आणि तसाच माल इथे तयार करणाऱ्याचे नुकसान होते, ही गोष्ट बाजारात जाणाऱ्या कोणालाही समजते. अर्थशास्त्र तिच्यात एवढीच भर घालते की, फायदा पुष्कळांचा पण थोडाथोडा असतो आणि नुकसान थोड्यांचे पण भारी असते. सदऱ्यामागे वीसपंचवीस रुपये वाचले तर गिऱ्हाइकाला ते संध्याकाळी आठवतही नाहीत. पण त्या सदऱ्याचे कापड विणणाऱ्याचा माग बंद पडला तर त्याच्या घरची चूल अडते. एकंदर फायदा एकंदर नुकसानीपेक्षा मोठा असेल, तर त्या फायद्यातला काही भाग नुकसान सोसणाऱ्याकडे वळविणे न्यायाचे आहे. आयातीमुळे बेकार झालेल्या कामगारास सरकारने काही काळ भत्ता द्यावा आणि दुसरे काम शिकवावे, ही कल्पना या हिशेबातून निघाली. तिला हल्ली पुनःप्रशिक्षण असे म्हणतात. ही कल्पना मुंबईपासून थोड्याच अंतरावरील भिवंडीला लावून पाहिली तर काय दिसते, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे.

प्रथम बाहेरचा अनुभव पाहू. अमेरिकेत १९६२ साली अध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत व्यापारविस्ताराचा कायदा झाला. आयातीवरील जकात कमी करावयाची होती आणि कामगारांचा विरोध तर नको होता. म्हणून आयातीमुळे काम गेलेल्यांना भत्ता, नवे शिक्षण आणि दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलविण्याचा खर्च देण्याचे कलम त्या कायद्यात घातले. पण हे सारे मिळण्यापूर्वी कामगाराने सिद्ध करावयाचे होते ते असे की, जकातीच्या सवलतीमुळेच आयात वाढली आणि त्या आयातीमुळेच मुख्यतः आपले काम गेले. परिणाम असा झाला की, पहिली सात वर्षे कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. कायदा होता, तिजोरीत पैसा होता, बेकार कामगारही होते. फक्त कोणालाही पुरावा देता येत नव्हता. १९७४ च्या कायद्याने ही अट सैल केली. काम जाण्यात आयातीचा महत्त्वाचा वाटा असला म्हणजे पुरे, असे ठरले. तीन कामगारांनी मिळून अर्ज करावा, मजूर खात्याने त्या कारखान्याची विक्री, उत्पादन व गिऱ्हाइके तपासावीत आणि निर्णय द्यावा, अशी रीत पडली. पुढे लक्षावधी लोकांना तिचा लाभ झाला. मात्र मुदतवाढ न मिळाल्यामुळे १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांचा विचार थांबला. युरोपातील राष्ट्रांनी २००७ पासून असाच एक सामाईक निधी चालविला. त्यासाठी प्रारंभी एका वेळी १००० कामगार बेकार व्हावे लागत. पुढे हा आकडा २०० वर आणला गेला.

या इतिहासातून एक गोष्ट घ्यावयाची ती ही : मदत किती मोठी आहे यापेक्षा ती मिळविण्यास कोणता पुरावा द्यावा लागतो यावर सारे अवलंबून असते.

आता आपल्याकडे येऊ. केवळ परदेशी व्यापारामुळे बेकार झालेल्यांसाठी असा स्वतंत्र कायदा भारतात झालेला नाही. परंतु काम गेलेल्या कामगारास आधार देणाऱ्या योजना मात्र वेळोवेळी निघाल्या. १९८६ साली केंद्र सरकारने गिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी उभारला. कायमच्या बंद पडलेल्या कापड गिरणीतील कामगारास पहिल्या वर्षी ठरविलेल्या वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के व तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम मिळे. अट अशी की, गिरणी बंद झाली त्या दिवशी कामगाराची सलग पाच वर्षे नोकरी झालेली असावी. आणि लघुउद्योगांना ही योजना लागू नव्हती. १९९२ साली, नव्या आर्थिक धोरणाबरोबर, राष्ट्रीय नवीकरण निधी निघाला. त्याच्या उद्देशांत नवे शिक्षण ठळकपणे लिहिलेले होते. प्रत्यक्षात बराचसा पैसा केंद्राच्या कारखान्यांतील स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. २००५ साली कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, ज्याला कामगार ई. एस. आय. म्हणून ओळखतो त्या संस्थेने, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. कारखाना बंद झाल्याने वा कामगारकपातीमुळे बेकार झालेल्या विमेदारास तीत भत्ता मिळतो आणि नवे काम शिकण्याची फी व प्रवासखर्चही मिळतो. गिरणी कामगारांचा जुना निधी २०१७ साली याच योजनेत मिळविण्यात आला. शेवटी, औद्योगिक संबंध संहिता २०२० साली मंजूर झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम नव्या कौशल्यासाठीच्या निधीत भरावी आणि ती कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जावी, असे तीत सांगितले आहे.

यादी वाचून कोणासही वाटेल की, भिवंडीच्या कामगाराची सोय पुष्कळच झाली आहे. ती का झालेली नाही हे समजण्यासाठी त्या गावचा धंदा कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

भिवंडीचे विणकाम जुने आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेली मोमीन विणकरांची कुटुंबे मालेगावाप्रमाणे येथेही स्थायिक झाली. विसाव्या शतकात वीज आली आणि हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. पुढे तेलंगणातील पद्मशाली आले, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून हजारो तरुण आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांतील साचे थांबले आणि त्यांचे बरेचसे काम यंत्रमागांकडे वळले. मुंबईच्या कामगाराचे जे गेले त्यातला काही भाग भिवंडीच्या पदरात पडला. कापडाच्या धंद्यात काम एका गावाहून दुसऱ्या गावी जाते ते असे. आणि जे देशात घडते तेच देशादेशांतही घडते.

भिवंडीतील पुष्कळसे मागमालक स्वतःचे कापड विकत नाहीत. व्यापारी सूत देतो, मालक मजुरीवर विणून देतो. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ बसते, ते बीमवर गुंडाळले जाते, बीम मागावर चढतो आणि खटखट सुरू होते. निघालेले कोरे कापड रंगाई-छपाईसाठी दुसरीकडे जाते आणि तेथून कपडे शिवणाऱ्यांकडे. परदेशी माल या साखळीला दोन जागी छेद देतो. चीनमधून तयार कापड आले तर विणण्याची पायरी वगळली जाते. बांगलादेशातून शिवलेला कपडाच आला तर सूत, सायझिंग, विणाई, रंगाई, शिलाई अशा सगळ्याच पायऱ्या वगळल्या जातात.

हे एका दिवसात झाले नाही. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील संख्येची उरलेली बंधने उठली. १ जानेवारी २००५ रोजी जगातील कापडव्यापाराचे जुने कोटे संपले व चीनचा कापडधंदा जगभर पसरण्यास मोकळा झाला. २०११ साली भारताने बांगलादेशच्या तयार कपड्यांना जकातमाफी दिली. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि आयात मालावर पूर्वी बसणारे काही जादा कर गेले. २०१८ साली सरकारने शेकडो कापडी वस्तूंवरील आयातकर वाढवून २० टक्के केला; पण बांगलादेशची माफी कायम राहिल्यामुळे त्या वाटेने येणाऱ्या कपड्यांना ही वाढ लागली नाही.

तथापि, भिवंडीचे सारे दुखणे परदेशी मालाचे आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सुताच्या भावाची चढउतार आहे, विजेचे दर आहेत, सुरतेची चढाओढ आहे. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि मार्च २०२० ची टाळेबंदी यांचे घाव आहेत. शिवाय माग जुने आहेत. ज्या साध्या मागावर धोटा इकडून तिकडे फेकला जातो, तो माग धोट्याविना चालणाऱ्या नव्या मागाच्या वेगाला पुरा पडत नाही. ही सगळी कारणे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की, अमुक कामगाराचे काम केवळ आयातीने गेले असे कोणत्याही चौकशी अधिकाऱ्यास छातीठोकपणे सांगता येणार नाही. अमेरिकेत पहिली सात वर्षे जे झाले ते येथेही व्हावयास नको असेल, तर काम का गेले हा प्रश्न कामगाराला विचारूच नये. काम गेले एवढे पुरे मानावे. आपल्या ई. एस. आय. च्या योजनेत आयातीचा पुरावा मागत नाहीत, हा तिचा गुणच म्हणावा लागेल.

पण काम गेले, हे तरी सिद्ध करता येते काय? भिवंडीची खरी अडचण येथे आहे.

गिरणीत कामगाराचे नाव हजेरीपटावर असे. त्याला तिकीट नंबर असे, पगाराची चिठ्ठी असे, फंड कापला जाई. गिरणी बंद झाली की फाटकावर नोटीस लागे आणि त्या नोटिशीला तारीख असे. कायद्याला हात घालण्यास काहीतरी सापडे. भिवंडीच्या शेडमध्ये पाळी बहुधा १२ तासांची असते, दिवसाची एक व रात्रीची एक. एक कामगार सहा-आठ माग सांभाळतो आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. त्याला कामावर मुकादम घेतो, आणि बहुतेक कामगारांचे नाव कोणत्याही पटावर चढत नाही. २४ मागांची शेड धरली आणि माणशी सहा माग धरले, तर दोन पाळ्यांचे मिळून आठ विणणारे होतात. कांडी भरणारा आणि जॉबर धरून दहाच्या आसपास. ई. एस. आय. ची मर्यादा दहा कामगारांची आहे. कारखाने कायद्यात १९४८ साली विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी मर्यादा दहाचीच होती. २०२० च्या संहितेत ती वीस झाली. एका छपराखालचे माग घरातील वेगवेगळ्या माणसांच्या नावांवर दाखविण्याची पद्धत यंत्रमागाच्या गावांत जुनी आहे. म्हणजे माणसे मोजावयास कोणी आलेच, तरी ती मोजणी मर्यादेच्या खालीच राहते.

आणि काम जाते तेही निराळ्या रीतीने. व्यापारी सूत देणे थांबवितो. मागावरचा बीम संपतो आणि दुसरा येत नाही. मुकादम सांगतो, पंधरा दिवस थांबा. पंधरा दिवसांचा महिना होतो. कोणी गावी जातो, कोणी रिक्षा चालवू लागतो, कोणी गोदामात हमाली धरतो. मग कधीतरी माग भंगाराच्या भावाने, वजनावर विकले जातात. यात कपात झाली कोणत्या दिवशी? कायदा ज्याला कपात म्हणतो ती मालकाने केलेली कृती आहे. येथे कोणी काही केलेलेच नसते. ज्याची नेमणूक कागदावर नाही त्याची कपातही कागदावर होत नाही, आणि म्हणून त्याचे १५ दिवसांचे वेतन भरण्याची पाळीही कोणावर येत नाही.

आता वरची यादी पुन्हा वाचा. १९८६ चा निधी लघुउद्योग वगळूनच निघाला होता. १९९२ च्या निधीचा पैसा बहुतेक केंद्राच्या कारखान्यांपुरताच राहिला. २००५ ची योजना विमेदारासाठी आहे. २०२० च्या संहितेतील निधी कपात झालेल्यासाठी आहे. प्रत्येक ठिकाणी दार आहे, पण दारावर हजेरीपट मागतात.

भिवंडीकडे सरकारचे लक्षच गेले नाही असेही नाही. १ एप्रिल २०१७ रोजी पॉवरटेक्स इंडिया ही देशव्यापी योजना भिवंडीतूनच जाहीर झाली. साध्या मागास सुधारणेचे भाग जोडण्यासाठी मालकास अनुदान, सुताची पेढी, सौर विजेस साहाय्य, यंत्रमाग सेवा केंद्रांस मदत अशा तिच्या शाखा होत्या. योजना उपयोगी होती, पण तिचा रोख मागावर होता. धागा तुटताच आपोआप थांबणारा माग आला म्हणजे एक माणूस अधिक माग पाहू शकतो. धंदा टिकण्यास ते आवश्यकच आहे. पण जो माणूस त्यामुळे अधिक ठरतो त्याची तरतूद त्याच हिशेबात धरावयास हवी होती. २०१७ च्या अखेरीस मंजूर झालेल्या समर्थ योजनेत माणसांना शिकविण्याचा भाग आहे. संघटित क्षेत्रातील सूतकताई व विणाई सोडून कापडधंद्याची सर्व अंगे तीत येतात, म्हणून भिवंडीचा असंघटित विणकर तिच्या कक्षेत येऊ शकतो. परंतु शिकतेवेळी घर कसे चालवावे हा त्याचा प्रश्न तिने सुटत नाही. ज्याची मजुरी मापावर आहे, त्याने वर्गात बसलेला प्रत्येक दिवस हा बुडालेला रोज असतो. खानावळीचे, जिला तेथे बिसी म्हणतात तिचे, पैसे पंधरवड्याला द्यावेच लागतात आणि गावी मनीऑर्डरीऐवजी आता फोनवरून का होईना, पैसे पाठवावेच लागतात. भत्त्यावाचून दिलेले शिक्षण फुकट असले तरी त्याला परवडत नाही.

शिकवावयाचे काय, हाही प्रश्न सोपा नाही. चाळिशीच्या विणकरास संगणक शिकवून कचेरीत बसविण्याच्या गोष्टी कोणी करू नयेत. त्याला जे येते तेथून आरंभ करावा. सहा मागांच्या गोंगाटात एकाच मागाचा बिघडलेला आवाज त्याला ओळखू येतो. हजारो ताण्याच्या धाग्यांतून तुटलेला एक शोधून तो क्षणात गाठ मारतो. हे कौशल्य आहे, पण त्याचे प्रमाणपत्र कोणी दिलेले नाही. प्रथम ते तपासून तसे लिहून द्यावे. मग जवळच्या पायऱ्या पाहाव्यात : साध्या मागावरून धोट्याविना चालणाऱ्या मागावर, विणणाऱ्यापासून यंत्रदुरुस्ती करणाऱ्या जॉबरपर्यंत. ज्यांना विणकामात जागाच उरली नाही त्यांच्यासाठी गोदामांचा विचार करावा. काल्हेर, राहनाळ, माणकोली, दापोडा या पट्ट्यात देशातील फार मोठी गोदामे उभी राहिली आहेत. तेथे पाठीवर ओझी वाहणे हे एक काम आहे. माल उचलण्याची यंत्रे चालविणे, मालाची नोंद ठेवणे, सरकत्या पट्ट्यांची देखभाल करणे ही दुसरी कामे आहेत. मागावरचा माणूस शिक्षणावाचून गेला तर पहिल्या कामाला लागतो. काही महिने शिकून गेला तर दुसऱ्या कामाला लागू शकतो. सरकारने खर्च करावयाचा तो या दोहोंतील अंतरासाठी. आणि शिकवणी उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणाऱ्यास समजेल अशी असली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

मग हजेरीपटाच्या अडचणीवर उपाय काय? तो शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत पाठीवर माल वाहणाऱ्या माथाडी कामगाराला एक मालक नव्हता, नोकरी नव्हती, नाव नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली तो संघटित झाला आणि महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. कामगाराने मंडळात नाव नोंदवावे, काम घेणाऱ्यानेही नोंदवावे, मजुरी व तिच्यावरील ठराविक आकार मंडळात भरावा आणि त्यातून फंड, सुट्टी, औषधोपचार यांची सोय व्हावी, अशी त्याची रचना. कामगार मालकाचा न राहता मंडळाचा झाला. एका दुकानातील काम संपले तरी त्याचे नाव पुसले गेले नाही. या मंडळांच्या कारभारात दोष शिरले, बोगस नोंदींच्या तक्रारी झाल्या, हे खरे. तरी अर्धशतकाहून अधिक काळ हजारो कुटुंबे त्यांच्या आधारावर उभी राहिली, हेही तितकेच खरे. यंत्रमागाच्या गावांसाठी असे मंडळ नेमले आणि सुताच्या वा कापडाच्या मापावर थोडा आकार घेतला, तर मजुरीवर विणून देणाऱ्या लहान मालकावर सारा बोजा न पडता काम देणारा व्यापारीही त्यात वाटेकरी होईल.

दुसरे साधन आज हाताशी आहेच. २६ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने असंघटित कामगारांची ई-श्रम ही नोंदणी सुरू केली. तीत कामगार स्वतःच नाव घालतो, मालकाची सही लागत नाही, आणि मिळालेला क्रमांक देशभर चालतो. बीम संपल्यावर जो आझमगडच्या वा करीमनगरच्या गाडीत बसतो त्याला हे फार महत्त्वाचे आहे. कारण त्याला शिक्षण भिवंडीत नव्हे, कदाचित त्याच्या जिल्ह्यात हवे असेल. मात्र मी विणकर आहे एवढी नोंद पुरेशी नाही. कुठल्या शेडमध्ये, किती दिवस काम केले, हे पंधरवड्याच्या मजुरीबरोबर तीत चढत गेले पाहिजे. मजुरी बँकेत जमा होऊ लागली तर हे काम अवघड नाही. सलग तीन पंधरवडे मजुरी जमा झाली नाही म्हणजे काम गेले असे धरता येईल. मग कपातीची नोटीसही नको आणि आयातीचा पुरावाही नको.

लहान मालक यावर म्हणेल की, आम्हीच मोडकळीस आलो असता हा नवा बोजा कशाला? त्याची तक्रार खोटी नाही. म्हणूनच सारा खर्च त्याच्यावर टाकू नये. परदेशी कापडावरील जकात सरकारच्या तिजोरीत जमा होते. ज्या मालाने काम जाते त्याच मालावर हे उत्पन्न मिळते. त्यातला एक अंश काम गेलेल्याच्या भत्त्यासाठी व शिक्षणासाठी राखून ठेवला, तर आरंभी सांगितलेला न्यायाचा हिशेब पुरा होतो.

परदेशी व्यापार थांबवावा असे आमचे म्हणणे नाही. स्वस्त कपडा गरिबाच्या अंगावरही येतो, आणि भिवंडीचा कामगारही तो विकत घेतो. पण त्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी भरतो, आणि भरणाऱ्याचे नावसुद्धा आपल्या दप्तरात नसावे हे आम्हांस पटत नाही. नवे शिक्षण, भत्ता, प्रमाणपत्र ही सगळी पुढची कामे आहेत. शेडमध्ये रात्रपाळीला उभ्या असलेल्या माणसाचे नाव, तो कामावर असतानाच, कोठेतरी लिहून ठेवणे हे पहिले काम आहे. ते झाले तर बाकीच्या योजनांना आरंभ तरी होईल.